काश्मीरमधलं वडिलोपार्जित घर आणि बाग: ताबा परत मिळवायची नेमकी प्रक्रिया काय?

रेवा_के

सासरच्यांची काश्मीर खोऱ्यात, पूर्वीच्या अनंतनाग जिल्ह्यात, ६ कनाल सफरचंदाची बाग आणि गावात घर आहे. कागदावर मालक माझे आजेसासरे. ते १९९० मध्ये जम्मूत न थांबता थेट पुण्याला आले आणि १९९३ मध्ये वारले. सासरे १९८६ पासूनच पुण्यात नोकरीला होते. त्यामुळे मदत आयुक्तांकडे (विस्थापितांची नोंद ठेवणारा अधिकारी) घरातल्या कुणाचीच विस्थापित म्हणून नोंद नाही.

सध्याची स्थिती अशी: घराचं छत पडलंय, अंगणात शेजाऱ्यांचा गोठा आहे. बागेतले ४ कनाल एक ओळखीचं कुटुंब करतं. त्यांचं म्हणणं, आजोबांनी चिठ्ठी लिहून बाग सांभाळायला दिली होती. उरलेले २ कनाल १९९५ मध्ये आजोबांच्या कुलमुखत्यारपत्रावर कुणीतरी विकल्याचं कानावर आलंय. हातात १९७८ ची एक उर्दू नक्कल, दोन वीजबिलं आणि काही फोटो आहेत. चुलत सासरे अमेरिकेत असतात, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) आहे.

नोंदणी नसताना कायदा लागू होतो का? सुरुवात कुठून करायची? आणि विकलेल्या तुकड्याचं काही होऊ शकतं का?

फेरफार_नोंद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, लागू होतो. नोंदणी नाही म्हणून बरीच कुटुंबं अर्जच करत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कामाचा कायदा म्हणजे जम्मू-काश्मीरचा १९९७ चा विस्थापितांच्या स्थावर मालमत्तेच्या जतनाचा आणि नाइलाजाने होणाऱ्या विक्रीला आळा घालण्याचा कायदा. तो २ जून १९९७ पासून अमलात आहे. ही तारीख लिहून ठेवा, पुढे पावलोपावली लागेल. यातल्या ‘मायग्रंट’च्या व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात १ नोव्हेंबर १९८९ नंतर स्थलांतर केलेले आणि मदत आयुक्तांकडे नोंद असलेले लोक येतात. दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही. नोकरी-व्यवसायासाठी किंवा इतर कारणाने बाहेर पडलेला, म्हणून नोंद न झालेला, पण तिथे स्थावर मालमत्ता असलेला आणि अशांत परिस्थितीमुळे तिथे राहू न शकणारा माणूसही या व्याख्येत बसतो. तुमचे सासरे या दुसऱ्या भागात येतात. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट लिहा आणि १९८६ पासूनच्या नोकरीचा दाखला, आजोबांचा पुण्यातला मृत्यूदाखला, जुनं रेशनकार्ड किंवा मतदारयादीचा उतारा जोडा. नाहीतर खिडकीवरचा कारकून ‘मायग्रंट कार्ड कुठंय’ विचारणार आणि फाइल तिथेच बसणार.

या कायद्यानुसार विस्थापितांच्या मालमत्तेचा रखवालदार जिल्हाधिकारी असतो. अनधिकृत कब्जेदाराला काढायचा अधिकारही त्याचाच. दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षं तारखा घेत बसायची गरज निदान पहिल्या टप्प्यात तरी नाही.

आणखी एक, जिल्हा तपासा. २००७ मध्ये अनंतनागमधून कुलगाम वेगळा झाला, पुलवाम्यातून शोपियां, बारामुल्ल्यातून बांदीपोरा आणि श्रीनगरमधून गांदरबल. १९७८ च्या नकलेवर अनंतनाग असलं तरी गाव आज कुलगामात असू शकतं. जुन्या कागदांवर अनंतनागच्या जागी ‘इस्लामाबाद’ असंही दिसेल, दचकू नका, ते त्याच गावाचं दुसरं नाव. तहसीलही बदललेली असू शकते. चुकीच्या जिल्ह्यात केलेला अर्ज कुणी पुढे पाठवेल या आशेवर राहू नका.

खसरा_खतौनी

ताब्याचा अर्ज लगेच करू नका, असं माझं मत. आधी कागदावर नाव लावून घ्या. मालक १९९३ मध्ये वारलेला आणि वारसनोंद नाही, अशा स्थितीत समोरचा पहिला आक्षेप हाच घेतो की अर्जदाराचा संबंध काय.

आपल्याकडची नावं आणि तिकडची नावं जुळवून घेतली की अर्धं काम सोपं होतं. फेरफाराला तिकडे इंतकाल म्हणतात, तलाठ्याला पटवारी, गट क्रमांकाच्या जागी खसरा नंबर, पीकपाहणीला गिरदावरी, मोजणी करून हद्द कायम करण्याला निशानदेही. सातबाऱ्याच्या जागी जमाबंदी. मोजमाप कनाल-मरल्यात. २० मरल्यांचा १ कनाल, ८ कनालचा १ एकर. म्हणजे १ कनाल बरोबर ५ गुंठे (५,४४५ चौरस फूट). तुमची बाग ३० गुंठ्यांची आहे.

मागवायचे कागद असे. तुमच्या खसऱ्यांची १९७८ च्या आसपासची जमाबंदी आणि आत्ताची जमाबंदी, दोन्ही प्रमाणित नकला. मधल्या काळातले त्या खेवटीवरचे (मालकाच्या किंवा सहमालकांच्या खात्यावरचे) सगळे इंतकाल. १९८९ पासूनच्या गिरदावऱ्या, मिळतील तेवढ्या. आणि गावच्या नकाशावरून तुमच्या खसऱ्याचा उतारा. महसूल विभागाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या जमाबंद्या बघायला मिळतात, पण त्यावर विसंबून अर्ज करू नका, शिक्क्याची नक्कलच घ्या. तहसीलातून नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. २०१९ च्या पुनर्रचनेनंतर केंद्राचा २००५ चा माहिती अधिकार कायदाच तिथे लागू आहे, त्यामुळे पुण्यातून पोस्टाने अर्ज पाठवता येतो.

जमाबंदी हातात आली की तीन रकाने बघा. मालकाचा, काश्तकाराचा (म्हणजे जमीन प्रत्यक्ष कोण कसतंय) आणि शेवटचा कैफियतचा (शेऱ्याचा). आजोबांच्या नावापुढे ‘पिसर’ (मुलगा) आणि त्यांच्या वडिलांचं नाव असेल. भाऊ असतील तर ‘पिसरान’, विधवेचं नाव असेल तर ‘बेवा’. मग हिस्सा: बराबर लिहिलाय की अपूर्णांकात? तुम्ही ६ कनाल म्हणताय ते आजोबांचे एकट्याचे की भावांसोबतच्या सामाईक खेवटीतले, हे इथेच कळतं. हा प्रश्न पुढे हमखास उठतो. काश्तकाराच्या रकान्यात ‘खुद’ असेल तर उत्तम. दुसऱ्याचं नाव असेल तर ते कोणत्या सालापासून आहे हे गिरदावऱ्यांवरून शोधा.

का, ते सांगतो. १९७६ चा कृषी सुधारणा कायदा. १९७१ च्या खरिपात जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला धरून त्या कायद्याची सगळी मांडणी आहे. तुमचा काश्तकार तेव्हापासूनचा कूळ निघाला तर जमीन विस्थापनाच्या कितीतरी आधी कायद्याने गेलेली असू शकते, आणि मग १९९७ च्या कायद्याचा उपयोग नाही. बागांचा विचार त्या कायद्यात वेगळा होता, म्हणून खसऱ्याचा प्रकार ‘बाग’ लिहिलाय की ‘आबी’ (पाण्याखालची भातजमीन) हेही बघा. भातजमिनीची बाग नंतर झालेली असेल तर नोंद जुनीच राहिलेली असते.

घराचं वेगळं. गावठाणातल्या म्हणजे ‘आबादी देह’मधल्या घराची स्वतंत्र नोंद महसूल दप्तरात बऱ्याचदा नसते. तिथे तुमची वीजबिलं आणि फोटो कामाला येतील. ती बिलं लॅमिनेट करू नका, पडताळणीला अडचण येते. जोडीला चतुःसीमा लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि जमलं तर जुन्या शेजाऱ्यांची दोन प्रतिज्ञापत्रं.

शेवटी भाषा. हे सगळं उर्दूत, तेही घाईच्या शिकस्ता वळणात लिहिलेलं असतं. छापील उर्दू वाचणाऱ्याला ते वाचता येईलच असं नाही. निवृत्त पटवारी किंवा अर्जनवीस (अर्ज लिहून देणारा) गाठा. भाषांतरात खसरा नंबर आणि क्षेत्र आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहून घ्या.

कज्जेदलाल

विकलेल्या तुकड्याबद्दल. इथे सगळं तारखेवर आहे.

२ जून १९९७ नंतर विस्थापिताच्या मालमत्तेचं हस्तांतर सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय झालं असेल तर ते कायद्याच्या नजरेत रद्दबातल. अशा खरेदीखतात परवानगीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख असायला हवी. नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

१९८९ ते जून १९९७ मधल्या विक्रीला ही बंदी लागू नाही. कायद्यातली सगळ्यात मोठी फट हीच, कारण मातीमोल भावाच्या बहुतेक विक्र्या याच काळात झाल्या. करार कायद्याप्रमाणे किंमत कमी होती एवढ्यावर व्यवहार रद्द होत नाही. दबाव, फसवणूक सिद्ध करावी लागते आणि मुदतीचा अडसर असतोच. सरकारलाही हे ठाऊक आहे: २००८ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये १९८९ ते १९९७ दरम्यान मालमत्ता विकलेल्यांना गृहनिर्माण संस्थेत घर घ्यायला साडेसात लाख ठेवले होते. पूर्ण किंवा अंशतः नुकसान झालेल्या घरालाही साडेसात, आणि न वापरल्याने मोडकळीला आलेल्या घराला २ लाख. ही मदत खोऱ्यात परतण्याशी बांधलेली आहे. पुण्यात राहून ती मिळेल असं धरू नका.

तरीही तुमची गोष्ट वेगळी आहे. आजोबा वारले १९९३ मध्ये, खत १९९५ चं, तेही कुलमुखत्यारपत्रावर. मुखत्यारपत्र देणारा वारला की मुखत्याराचा अधिकार संपतो. विकत घेणारा म्हणेल की मला मृत्यूची माहिती नव्हती. त्रयस्थाच्या बाबतीत अधिकार संपल्याचा परिणाम त्याला ते कळल्यापासून धरतात, त्यामुळे हा बचाव पोकळ नाही. म्हणून आधी खत आणि मुखत्यारपत्र दोन्हींची नक्कल काढा. बघायच्या गोष्टी: मुखत्यारपत्राची तारीख १९९० च्या आधीची की नंतरची, सही आजोबांचीच आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलाय का, आणि घेणारा त्याच गावचा ओळखीचा माणूस होता का. सहीच बनावट असेल तर मुद्दा अधिकार संपण्याचा उरत नाही, दस्तच मुळात खोटा ठरतो आणि फौजदारी तक्रारही होते.

नक्कल शोधताना एक अडचण येईल. २०१९ पर्यंत तिथे दस्तनोंदणी न्यायालयांकडे होती. आपल्यासारखी महसूल खात्याखालची दुय्यम निबंधक कार्यालयं नंतर आली. १९९५ चा दस्त आधी न्यायालयाच्या जुन्या दप्तरात शोधा. दस्त क्रमांक माहीत नसेल तर त्या २ कनालच्या इंतकालवर तो लिहिलेला असतो. इंतकालच झालेला नसेल तर खरेदीचा व्यवहार तोंडी किंवा साध्या कागदावरचा असण्याची शक्यता बरीच, आणि ते तुमच्या फायद्याचं.

रेवा_के

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदांची यादी केली. चिठ्ठीचं काय? ते कुटुंब वाईट नाही, भांडण नको आहे. आणि दर वेळी तिथे जाणं सासऱ्यांना शक्य नाही, वय ७४.

फेरफार_नोंद

चिठ्ठीत काय लिहिलंय ते आधी बघायला मागा. कायद्यात अनधिकृत कब्जेदार म्हणजे विस्थापिताच्या लेखी संमतीशिवाय आणि कायदेशीर अधिकाराशिवाय ताबा घेतलेला माणूस. चिठ्ठी खरी असेल तर ते कुटुंब लेखी संमतीकडे बोट दाखवणार. मग जिल्हाधिकारी ‘हा दिवाणी वाद’ म्हणून हात झटकू शकतात.

उपाय सरळ आहे. वारसनोंद झाल्यावर सगळ्या वारसांच्या सहीने एक नोंदणीकृत नोटीस: तुम्हाला बाग सांभाळायला दिली होती, ती संमती आम्ही मागे घेतो, अमुक तारखेपर्यंत ताबा द्यावा. कूळ, भाडेकरू, खंडकरी यातला एकही शब्द नोटिशीत येऊ देऊ नका. ‘सांभाळण्यासाठी’ एवढंच. पोचपावती जपा. त्या तारखेनंतर संमती उरत नाही आणि अर्जाला बळ येतं.

भांडण नको असेल तर दुसरा मार्ग: त्यांच्याशीच लेखी करार. यंदाचं फळ त्यांनी उतरवावं आणि हंगाम संपला की ताबा द्यावा. बागेत ऐन फळावर ताबा मागितला की वाद पेटतो, त्यापेक्षा नोव्हेंबर उजाडला की मागा. मात्र दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या नादी वकिलाला विचारल्याशिवाय लागू नका.

कुलमुखत्यारपत्राबद्दल: सासऱ्यांनी विशेष मुखत्यारपत्र करावं, सर्वसाधारण नको. त्यात नकला काढणं, इंतकाल, निशानदेहीला हजर राहणं, अर्ज-अपील आणि ताबा घेणं एवढेच अधिकार. ‘विक्री, गहाण, बक्षीस किंवा तडजोड करण्याचा अधिकार नाही’ हे वाक्य ठळक घाला. पुण्यातल्या दुय्यम निबंधकांसमोर नोंदवा, नुसत्या नोटरीवर भागवू नका. खोऱ्यातल्या विस्थापितांच्या मालमत्तेच्या वादांत खोटी किंवा ताणलेली मुखत्यारपत्रं वारंवार निघतात, तुमचं स्वतःचं प्रकरणच बघा. अमेरिकेतल्या काकांचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक भरून घ्यावं लागेल. ओसीआय असल्याने वारसाहक्काला बाधा नाही. ओसीआयधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, वारशाने मिळवू शकतो. उद्या त्यांना विकायची झाली तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक लागेल.

आत्या असतील तर त्यांची नावं इंतकालमध्ये विसरू नका. एक वारस गाळला की समोरच्याला आयता आक्षेप मिळतो.

झेलम_काठ

प्रत्यक्ष अर्ज आणि त्यानंतरचं थोडं.

सप्टेंबर २०२१ मध्ये विस्थापितांच्या मालमत्तेच्या तक्रारींसाठी ऑनलाइन पोर्टल सुरू झालं. अतिक्रमण, मालकी-नोंदीतला बदल, नाइलाजाने झालेली विक्री, सगळ्यासाठी अर्ज तिथेच. या सेवा लोकसेवा हमी कायद्याखाली आणलेल्या आहेत, म्हणजे मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा आणि छापील संच जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शिक्क्यासह द्या. पोर्टलवर ‘डिस्पोज्ड’ दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. तहसीलदाराचा अहवाल आला आणि फाइल बंद केली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तो अहवाल मागून घ्या.

प्रत्येक खसऱ्याचा अर्ज वेगळा करा. घर, ४ कनाल आणि २ कनाल एकाच अर्जात कोंबले तर विक्रीच्या वादात अडकलेले २ कनाल बाकी सगळ्याला अडवून ठेवतील. साधं प्रकरण आधी: अंगणातला गोठा. तिथे ना चिठ्ठी, ना खत.

निशानदेहीच्या दिवशी तुमचा माणूस हजर हवाच. नकाशावरची हद्द आणि जागेवरचं कुंपण यांत फरक निघतो. मोजणी कोणत्या पक्क्या खुणेपासून धरली ते अहवालात लिहून घ्या. झाडं मोजून जात आणि अंदाजे वयासह नोंदवा: सफरचंद, अक्रोड, सफेदा (पॉप्लर). बागेच्या वापराची भरपाई ठरवताना हे लागतं, आणि १९९० नंतर कुणी सफेदे लावले असतील तर त्यांच्या लाकडावरून होणारा वादही तिथेच मिटवता येतो. अक्रोड आणि चिनार मालकाला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, म्हणून कुणी तोडले असतील तर खुंटांचेही फोटो घ्या.

निष्कासनाचा (कब्जेदाराला बाहेर काढण्याचा) आदेश झाला की समोरचा वित्तीय आयुक्तांकडे अपिलात जाईल. या कायद्याप्रमाणे ताबा सोडल्याशिवाय ते अपील ऐकलं जात नाही. तुमच्या बाजूची ही सगळ्यात भक्कम तरतूद. स्थगिती मिळवायला समोरचा उच्च न्यायालयात जाऊ शकतो, म्हणून आदेशात त्याला नोटीस दिली, म्हणणं ऐकलं, हे स्पष्ट असायला हवं. एकतर्फी, अर्ध्या पानाचे आदेश वर टिकत नाहीत. सुनावणी लांबतेय म्हणून चिडू नका, नोटीस नीट बजावली जातेय का यावर डोळा ठेवा.

बाल्कन_वाचक

थोडं अवांतर. मार्च २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत ६१० मालमत्ता परत दिल्याचं सांगितलं होतं, आणि नोंदणीकृत विस्थापित कुटुंबंच ४४ हजारांच्या आसपास आहेत. तुलनेला बोस्निया बघा. तिथलं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने घर परत मिळण्याचा हक्क दिला, पण पहिली चार वर्षं जवळजवळ काही हललं नाही. नगरपालिकांना हलवायचंच नव्हतं. १९९९ मध्ये कायदे एकसारखे केले, अडवणूक करणाऱ्या २२ अधिकाऱ्यांना एका दिवसात घरी बसवलं आणि प्रत्येक नगरपालिकेचे निकाली दाव्यांचे आकडे जाहीर करायला लागले. दोन लाखांहून जास्त दाव्यांपैकी ९० टक्क्यांवर दावे २००३ अखेरपर्यंत मार्गी लागले. अर्थात घर मिळालं तरी पुष्कळांनी ते विकलं आणि दुसरीकडेच राहिले. आपल्याकडे जिल्हावार आकडे दर महिन्याला जाहीर झाले तरी पुष्कळ होईल.

कज्जेदलाल

आकड्यांचं पटलं. पण रेवाताईंना आत्ता त्याचा उपयोग नाही. :)

एक राहिलं. गावाजवळून महामार्ग किंवा रेल्वे गेली असेल तर भूसंपादनाच्या निवाड्यात तुमचे खसरे आहेत का तेही जिल्हा भूसंपादन कार्यालयात विचारा. मालक हजर नसला की मोबदला जमा करून ठेवलेला असतो, आणि जमाबंदीत आजोबांचंच नाव असल्याने तो दुसऱ्या कुणी ‘वारस’ म्हणून उचललाय का ते बघावं लागेल.

रेवा_के

गावापासून नवा रस्ता गेलाय खरा. माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाकते, खसरा नंबर १९७८ च्या नकलेवरून घेऊ की आधी नवे शोधू?

खसरा_खतौनी

जुनेच टाका आणि ‘सदर खसरा नंबर बदलले असल्यास नवे नंबर व तुलनात्मक तक्ता द्यावा’ अशी ओळ जोडा. गावाचं नाव, पटवार हलका (पटवाऱ्याचं कार्यक्षेत्र), तहसील, आजोबांचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासह. एका अर्जात एकाच गावाचा विषय ठेवा, आणि भूसंपादनाची विचारणा वेगळ्या अर्जाने वेगळ्या कार्यालयाला.